लस घेतल्यानंतर नियोजित शस्त्रक्रिया केव्हा करावी: तारखा जुळवण्याची पद्धत

दहा आठवड्यांच्या बाळाच्या दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया बुधवारी ठरलेली असते आणि आशाताई निरोप देतात की मंगळवारी उपकेंद्रात लसीकरणाचे सत्र आहे, बाळाचा पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) दुसरा डोस द्यायचा आहे. सत्तरीच्या गृहस्थांचा गुडघ्याचा सांधा पुढच्या आठवड्यात बदलायचा असतो आणि कालच त्यांनी फ्लूची लस टोचून घेतलेली असते. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते: ऑपरेशन विनाकारण महिनाभर पुढे जाते, किंवा लस मागे पडते आणि मग राहूनच जाते. या दोन्हींची सहसा गरज नसते. बहुतेक वेळा प्रश्न महिन्यांचा नसून दिवसांचा असतो, आणि ते दिवस कसे मोजायचे हे समजले की तारखा जुळवता येतात.

अंतर ठेवण्यामागचे कारण

लस घेतलेल्या माणसाला भूल दिली तर अपाय होतो किंवा लस वाया जाते, असा समज पुष्कळांचा असतो. भूल आणि शस्त्रक्रियेचा ताण यांमुळे रोगप्रतिकारशक्तीवर काही परिणाम होतो हे खरे आहे, परंतु सामान्य शस्त्रक्रियेत तो सौम्य आणि थोड्या दिवसांचा असतो, आणि त्यामुळे लस निकामी ठरते असा पुरावा नाही. खरे कारण अगदी व्यावहारिक आहे. लसीनंतर ताप येऊ शकतो, अंग दुखते, लहान मूल किरकिर करते, रक्तातील पांढऱ्या पेशी व सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) काही काळ वाढू शकतात. शस्त्रक्रियेनंतर येणारा ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि वाढलेले सीआरपी ही जंतुसंसर्गाचीही लक्षणे असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या तर ताप लसीचा की जखमेचा, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही. मग एक तर विनाकारण तपासण्या आणि अँटिबायोटिक सुरू होतात, किंवा, आणि हे अधिक धोक्याचे आहे, ‘लसीचा ताप असेल’ म्हणून खऱ्या संसर्गाकडे दुर्लक्ष होते.

म्हणून नियम एवढाच की लसीचा ताप ज्या दिवसांत येण्याची शक्यता असते, ते दिवस शस्त्रक्रियेपूर्वी संपलेले असावेत.

पहिली पायरी: शस्त्रक्रिया किती तातडीची आहे ते विचारावे

अपेंडिक्स, अडकलेला हर्निया, अपघातातील फ्रॅक्चर, आई किंवा बाळाच्या जिवाला धोका असताना करावे लागणारे सिझेरियन, अशा शस्त्रक्रियांसाठी लसीची तारीख पाहायची नसते. काल लस घेतली असली तरी शस्त्रक्रिया आजच होते. फक्त कोणती लस, कोणत्या दिवशी, शरीरावर कोठे टोचली हे भूलतज्ज्ञांना सांगावे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत सर्जनने दिलेली तारीख महत्त्वाची मानावी आणि लसच मागेपुढे करावी. पुढील सर्व हिशेब उरलेल्या, म्हणजे काही दिवस इकडेतिकडे झाल्याने नुकसान होणार नाही अशा शस्त्रक्रियांसाठी आहे.

दुसरी पायरी: कोणती लस घेतली ते कागदावर शोधावे

‘मांडीत दोन सुया दिल्या’ एवढ्या माहितीवर हिशेब होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत माता व बाल संरक्षण कार्ड किंवा खासगी बालरोगतज्ज्ञांनी दिलेली पुस्तिका काढावी. प्रौढांनी लसीचे प्रमाणपत्र, बिल किंवा डॉक्टरांची चिठ्ठी शोधावी. त्यावरून लस दोन गटांपैकी कोणत्या गटातील आहे ते कळते.

पहिल्या गटात जिवंत जंतू नसलेल्या, म्हणजे निष्क्रिय, लसी येतात. पेंटाव्हॅलंट (पेंटा), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात), टीडी (धनुर्वात व घटसर्प), इंजेक्शनची पोलिओ लस, न्यूमोकोकल, कावीळ ब, फ्लूचे नेहमीचे इंजेक्शन, एचपीव्ही, रेबीज, टायफॉइडचे इंजेक्शन आणि नागीणीवरची नवी दोन डोसांची लस या सर्व याच गटातील आहेत. यांचा ताप बहुधा पहिल्या 24 ते 48 तासांत येतो आणि ओसरतो. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन यांच्याबाबतही ताप व अंगदुखी मुख्यतः पहिल्या दोन दिवसांतच होत असे.

दुसऱ्या गटात जिवंत पण क्षीण केलेल्या जंतूंच्या लसी येतात: गोवर-रुबेला, गालगुंडासह मिळणारी एमएमआर, कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी, तोंडावाटे देण्याच्या पोलिओ व रोटाव्हायरस लसी, आणि नाकात फवारण्याची फ्लूची लस. गोवरच्या लसीचा विषाणू शरीरात आधी थोडा वाढतो, त्यामुळे तिचा ताप टोचल्यानंतर साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो. एमएमआर घेतलेल्या मुलांपैकी 5 ते 15 टक्के मुलांना असा चांगला ताप येऊ शकतो, काहींना बारीक पुरळही उठते. येथेच घरच्यांची फसगत होते, कारण दोन दिवस ताप आला नाही म्हणून ते निश्चिंत होतात आणि शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर मूल तापाने फणफणते.

तिसरी पायरी: दिवस मोजावेत

लस दिली तो दिवस शून्य धरावा. जर्मनीच्या राष्ट्रीय लसीकरण समितीचा सल्ला असा आहे की नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी निष्क्रिय लसीनंतर किमान 3 दिवस आणि जिवंत लसीनंतर किमान 14 दिवस जाऊ द्यावेत. ब्रिटन व आयर्लंडमधील बालभूलतज्ज्ञांची संघटना निष्क्रिय लसीनंतर 48 तास पुरेसे मानते आणि जिवंत लसीनंतर मूल पूर्ण बरे असेल तर शस्त्रक्रिया लांबवण्याची गरज नाही असे सांगते. कोविड लसीकरण जोरात सुरू होते त्या 2021 मध्ये ब्रिटनमधील शल्यविशारदांनी लस आणि शस्त्रक्रिया यांत काही दिवसांचे, फार तर एका आठवड्याचे अंतर पुरेसे असल्याचे सांगितले होते, आणि त्यामागचे कारणही तापाचा उगम ओळखता यावा हेच होते.

हे सल्ले परस्परविरोधी वाटले तरी त्यांतून आपला मार्ग काढता येतो. पेंटा, डीपीटी, फ्लू, न्यूमोकोकल यांसाठी तीन दिवस पाळावेत. सोमवारी लस दिली तर गुरुवारी शस्त्रक्रिया करता येते, मात्र मधल्या काळात ताप आलेला असेल तर तो उतरून मूल नेहमीसारखे खेळू-पिऊ लागलेले असावे. गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांच्या लसीनंतर तारीख आपल्या हाती असेल तर दोन आठवडे थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लसीनंतर तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया केली तर त्या दिवशी मूल ठणठणीत असेल, पण शस्त्रक्रियेनंतर जखम जपण्याचे नेमके दिवस तापाच्या दिवसांशी येऊन मिळतील. दुसरीकडे, सरकारी रुग्णालयात कित्येक महिने वाट पाहून मिळालेली तारीख केवळ दहा दिवसांपूर्वी गोवर-रुबेलाची लस दिली म्हणून सोडून देणे योग्य नाही. मूल बरे असेल तर लसीची तारीख सांगून निर्णय भूलतज्ज्ञांवर सोपवावा.

तोंडावाटे दिलेल्या पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या थेंबांमुळे ताप क्वचितच येतो. रोटाव्हायरसनंतर आठवडाभरात थोडे जुलाब होऊ शकतात, तेवढे थांबले आहेत ना हे पाहावे.

लहान मुलांच्या वेळापत्रकात तारखा कोठे आदळतात

हा भाग थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकातील लसी आणि जन्मजात व्यंगांच्या शस्त्रक्रिया जवळजवळ एकाच वयात येतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा व तिच्याबरोबरच्या लसी असतात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो. सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर एकत्र येतात. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांच्या सुमारास, म्हणजे पेंटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या डोसच्या आसपास होते. टाळूची शस्त्रक्रिया बहुधा नऊ ते अठरा महिन्यांदरम्यान होते आणि ती गोवर-रुबेलाच्या डोसवर येऊन आदळते. वृषण खाली न उतरल्याची शस्त्रक्रियाही सहा ते अठरा महिन्यांदरम्यानच करायची असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होणार असेल तर मंजुरी, रक्त तपासण्या, भूलतज्ज्ञांची तपासणी आणि भरतीची तारीख हे सर्व आधी ठरते. तारीख कळताच त्याच दिवशी लसीकरण कार्ड उघडून पुढच्या चार आठवड्यांत कोणता डोस येतो ते पाहावे. पेंटाचा डोस शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी येत असेल तर तो वेळेवर द्यावा. तो शस्त्रक्रियेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत येत असेल आणि लवकर देण्याची मुभा असेल (दोन पेंटा डोसांमध्ये किमान चार आठवडे हवेत), तर आधी द्यावा. नसेल तर शस्त्रक्रियेनंतर द्यावा. सुरुवातीच्या उदाहरणातील बाळाला मंगळवारी लस न देता बुधवारी शस्त्रक्रिया करून, बाळ दूध नीट पिऊ लागल्यावर पुढच्या सत्रात डोस देणे हेच योग्य ठरते. डोसाला काही दिवस किंवा काही आठवडे उशीर झाला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेल्या डोसापासून पुढे जायचे असते.

गोवर-रुबेलाचा डोस मात्र ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नये. 2022 च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीसारख्या दाट वस्तीच्या भागांत, गोवरची साथ पसरली आणि त्यात मुले दगावली. ज्या मुलाच्या टाळूची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया होणार आहे, त्याला गोवर झाला तर शस्त्रक्रिया लांबतेच, शिवाय न्यूमोनियाचा धोकाही वाढतो.

फेंगड्या पायांच्या बाळांच्या बाबतीत अडचण वेगळीच असते. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला बदलले जाणारे प्लास्टर पायापासून जांघेपर्यंत असते, आणि लहान बाळांच्या लसी तर मांडीत टोचायच्या असतात. एकाच पायाला प्लास्टर असेल तर दुसऱ्या मांडीत, दोन सुयांमध्ये किमान एक इंच अंतर ठेवून लसी देता येतात. दोन्ही पायांना असेल तर जुने प्लास्टर काढल्यावर नवे चढवण्यापूर्वी लस देण्याची व्यवस्था करण्याची विनंती रुग्णालयाला आधीच करावी, आणि नवे प्लास्टर चढल्यावर बाळ खूप रडू लागले किंवा बोटे सुजली, निळी पडली तर ते लसीचे रडणे समजून घरी थांबू नये.

आतड्यात आतडे शिरण्याचा आजार झालेल्या बाळाला, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, पुढे रोटाव्हायरसची लस द्यायची नसते. ही गोष्ट कार्डावर ठळक लिहून घ्यावी, कारण लसीकरण सत्रात परिचारिकेला ती आपोआप कळणार नाही.

ज्या शस्त्रक्रियांपूर्वी लस घेणे अत्यावश्यक असते

आतापर्यंतचा प्रश्न लसीनंतर किती थांबावे हा होता. काही शस्त्रक्रियांत क्रम उलटा होतो: लस झाल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये.

पाणथरी (प्लीहा) काढण्याची शस्त्रक्रिया त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची आहे. थॅलेसेमिया, आनुवंशिक गोल पेशींचा आजार किंवा प्लेटलेट नष्ट होण्याचा आजार अशा कारणांनी पाणथरी काढली, की न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंचा संसर्ग काही तासांत जीवघेणा होऊ शकतो, आणि हा धोका आयुष्यभर राहतो. त्यामुळे या तिन्ही जंतूंवरच्या लसी शस्त्रक्रियेच्या किमान 14 दिवस आधी पूर्ण व्हाव्यात. न्यूमोकोकलची संयुग्मित लस दिल्यानंतर याच जंतूच्या 23 प्रकारांवरची दुसरी लस द्यायची असेल तर दोन्हींमध्ये किमान आठ आठवडे लागतात, म्हणून सर्जनकडे पहिल्याच भेटीत लसींचा विषय काढावा आणि साधारण अडीच महिन्यांचा अवधी हाताशी ठेवावा. अपघातात फुटलेली पाणथरी अचानक काढावी लागली तर लसी शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी देतात. अशा रुग्णाने रुग्णालयातून घरी जाताना लसीची तारीख लेखी घ्यावी. पुढेही दरवर्षी फ्लूची लस घ्यावी आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचे उपकरण) बसवायच्या मुलांना मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यांची न्यूमोकोकल लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी. अपंग व्यक्तींसाठीच्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळणाऱ्या मुलांच्या पालकांनी कागदपत्रांच्या फाइलमध्ये लसीकरण कार्डाची प्रत स्वतःहून लावावी.

मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपणापूर्वी जिवंत लसी किमान चार आठवडे आधी संपवाव्या लागतात, कारण प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली की त्या सहसा देता येत नाहीत. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांनी कावीळ ब ची लस लवकर सुरू करावी. तिचे डोस प्रमाणाने दुप्पट असतात आणि मालिका सहा महिन्यांची असते.

कुत्रा चावल्यावर दिल्या जाणाऱ्या रेबीजच्या लसीला मात्र कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी थांबवू नये. त्वचेत टोचण्याचे वेळापत्रक 0, 3, 7 आणि 28 व्या दिवसाचे असते. त्यात ऑपरेशन आले तर ऑपरेशन हलवावे, डोस नव्हे, आणि ऑपरेशन हलवता येत नसेल तर रुग्णालयातच डोस द्यायला सांगावे.

चौथी पायरी: शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत लसीची गल्लत टाळावी

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी कावीळ ब ची एचबीएसएजी ही तपासणी होते, म्हणजे या विषाणूचे एक प्रथिन रक्तात आहे का ते पाहतात. कावीळ ब च्या लसीत हेच प्रथिन असते, त्यामुळे लस घेतल्यानंतर सुमारे 18 दिवसांपर्यंत ही तपासणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. त्यावरून घरात घबराट होते, शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, नातेवाइकांच्या तपासण्या सुरू होतात. म्हणून या लसीपूर्वीच रक्त द्यावे किंवा नंतर महिनाभर थांबावे. तपासणी आधीच झाली असेल आणि पॉझिटिव्ह आली असेल तर लसीची तारीख सांगून महिन्याने पुन्हा तपासावी.

दंडात टोचलेल्या लसीमुळे, विशेषतः कोविडच्या लसीमुळे, त्याच बाजूच्या काखेत गाठ येऊ शकते. स्तनाच्या गाठीसाठी तपासण्या सुरू असतील तर लस दुसऱ्या बाजूच्या दंडात घ्यावी आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना लसीची तारीख व बाजू सांगावी. ज्या अवयवावर शस्त्रक्रिया आहे, त्या बाजूला लस टोचून घेऊ नये, हा सर्वांसाठीच चांगला नियम आहे.

पाचवी पायरी: भरती होण्याच्या दिवशी

लसीची तारीख विचारली जाण्याची वाट न पाहता स्वतः सांगावी. आदल्या रात्री किंवा सकाळी अंग गरम वाटले तर थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवावा, आणि पॅरासिटामॉल देऊन ताप दाबून मुलाला रुग्णालयात नेऊ नये. तारीख वाचवण्यासाठी हे अनेक जण करतात, पण त्यामुळे भूल देताना डॉक्टरांना खरी स्थिती कळत नाही. ताप, ओला खोकला, धाप, उलट्या किंवा पुरळ असेल तर शस्त्रक्रिया पुढे जाऊ शकते, आणि त्यात मुलाचेच हित असते. सुई टोचलेल्या जागी थोडी सूज किंवा दुखरेपणा एवढेच असेल तर सहसा शस्त्रक्रिया थांबत नाही.

भरती होताना अनेक ठिकाणी सवयीने धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते. आता सरकारी कार्यक्रमात टीटीऐवजी टीडी वापरतात. आधीचे सर्व डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, नियोजित शस्त्रक्रियेसाठी ते दरवेळी लागत नाही. शेवटचा डोस कधी घेतला ते सांगून गरज आहे का, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

सहावी पायरी: शस्त्रक्रियेनंतर राहिलेली लस केव्हा घ्यावी

ताप नसेल, जखम ठीक असेल, खाणेपिणे नेहमीसारखे सुरू असेल तर साध्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरात निष्क्रिय लस घेता येते. लसीनंतर दोन दिवसांत ताप आला तरी जखमेतून पू येणे, लाली पसरणे, वाढत जाणारे दुखणे, किंवा 48 तासांनंतरही न उतरणारा ताप हे लसीच्या खात्यावर टाकू नये, लगेच सर्जनला दाखवावे. मोठ्या मात्रेत स्टेरॉइड दोन आठवडे किंवा अधिक दिले असेल तर ते थांबल्यानंतर किमान महिनाभर जिवंत लसी टाळतात.

रक्त किंवा प्लाझ्मा चढवला असेल तर गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसीचा हिशेब बदलतो, कारण दात्याच्या रक्तातील प्रतिपिंडे लसीच्या विषाणूला निष्प्रभ करतात. रक्ताच्या घटकानुसार हा काळ साधारण तीन ते सात महिन्यांचा असतो. लस आधी देऊन चौदा दिवसांच्या आत रक्त चढवावे लागले तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त लागण्याची शक्यता मोठी असते, म्हणून त्या मुलांना गोवर-रुबेलाची लस किमान दोन आठवडे आधी द्यावी. पेंटा, पोलिओ आणि न्यूमोकोकल लसींना ही अडचण नसते, त्या वेळेवर द्याव्यात. डिस्चार्जच्या कागदावर कोणता रक्तघटक, कोणत्या तारखेला, किती दिला हे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि तो कागद लसीकरण कार्डाबरोबरच ठेवावा, म्हणजे सहा महिन्यांनी उपकेंद्रात कार्ड उघडले जाईल तेव्हा परिचारिकेला पुढची तारीख ठरवता येईल.